सशाच्या वेतात एक पिल्लू खुरटतंच : काय तपासायचं, काय करायचं

पेटीत हात घातला की सहा पिलं बोटांना गरम लागतात आणि सातवं गार. सहांची पोटं तबल्यासारखी ताणलेली, कातडी इतकी पातळ की आतलं दूध पांढरं दिसतं. सातव्याच्या पोटावर सुरकुत्या, मान लुळी, आणि ते बाकीच्यांच्या ढिगाऱ्यातून बाहेर कोपऱ्यात जाऊन पडलेलं. ज्यांच्याकडे ससे आहेत त्यांना हे चित्र नवीन नाही. आमच्याकडे दर दोन-तीन वेतांमागे एक असं निघतंच.

आम्ही चोपडा तालुक्यात, तापीच्या बाजूला. न्यूझीलंड व्हाइटच्या तीन माद्या, सोव्हिएट चिंचिलाची एक आणि एक नर, एवढाच पसारा. शेती कापसाची आणि थोडी केळी. पहिल्या तीन वेळा असं पिल्लू दिसलं तेव्हा शेजारचे नाना पेटीत डोकावून म्हणाले, "हाई काही जगाव नही, भाऊ." तिन्ही वेळा नानांचं खरं ठरलं. आता मागे वळून पाहिलं तर त्यातली दोन तरी माझ्याच हातानं मेली. उपाशी ठेवून नव्हे, घाईनं पाजून.

म्हणून हे लिहितोय. जवळपास सशांचा डॉक्टर मिळणं कठीण. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असते आणि तिथे तळहातावर ३५ ग्रॅमचं पिल्लू घेऊन उभं राहिलं की लोक हसतात. हसू द्या. पण तिथे पोचेपर्यंत घरी काय करायचं ते ठाऊक हवं.

आई पाजत नाही, की फक्त दिसत नाही?

मला येणाऱ्या दहापैकी सात फोनमध्ये पहिलं वाक्य हेच असतं: "मादी पिलांजवळ बसतच नाही." ती बसणारच नाही. सशाची मादी कुत्री-मांजरीसारखी पिलांना कुशीत घेऊन पडून राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेक पहाटे किंवा रात्री ती पेटीत उडी मारते, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. रानात शत्रूला घरट्याचा माग लागू नये म्हणून सशांची ही जुनी सवय. पिंजऱ्यातही सुटलेली नाही. तुम्ही दिवसभर पहारा दिलात तरी दिसणार नाही.

तेव्हा आईकडे बघत बसू नका, सकाळी सात वाजता पिलांची पोटं बघा. सगळीच पोटं चपटी असतील तर अडचण मादीची आहे: पान्हा आटलाय, सड सुजलेत, तिला पाणी कमी पडतंय किंवा ती घाबरलीय. पाच-सहा पोटं टम्म आणि एकच रिकामं असेल तर मादी ठीक आहे, तुमचं काम त्या एकाशी आहे. हा फरक न करताच लोक मादीला मेथीचे लाडू चारायला लागतात. (हे मी विनोदानं लिहीत नाही.)

एकच मागे का पडतं? गर्भाशयात दाटी झाली की एखाद्याला रक्तपुरवठा कमी मिळतो, ते जन्मतःच लहान निघतं. जन्माला आल्यावर तीन-चार मिनिटांच्या त्या झटापटीत सगळी आंधळी, बहिरी पिलं वासावर सड शोधतात. डुकराच्या पिलांसारखा इथे ज्याचा-त्याचा सड ठरलेला नसतो; काही सेकंदांनी सोडायचा, दुसरा धरायचा, असं चालतं. ज्याच्यात रेटा कमी ते बाजूला ढकललं जातं. मादीला बहुधा आठ सड असतात, क्वचित नऊ-दहा. पिलं नऊ झाली की हिशोब तुमचा तुम्हीच करा.

आणि हो, हात लावला तर आई टाकून देते, ही समजूत सोडा. पाळीव मादीला तुमचा वास रोजचा असतो. हात धुवा, तिच्या पाठीवरून फिरवा, पेटीतली थोडी लोकर बोटांना चोळा आणि खुशाल पिलं उचला. न उचलता मेलेली पिलं मी जास्त पाहिलीत.

काटा आणा

स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. सोनाराचा नको, किराण्याचाही नको. त्यावर वाटी, वाटीत लोकरीचा तुकडा, शून्य करून पिल्लू. रोज एकाच वेळी, पाजून झाल्यावर.

मध्यम जातीची पिलं जन्मतः साधारण ५० ते ६० ग्रॅमची असतात आणि आठवडाभरात दुप्पट होतात. ३५ ग्रॅमच्या आतलं पिल्लू जोखमीचं. पण आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची. माझ्या वहीतलं मागच्या हिवाळ्यातलं एक पान असं आहे: जन्माला बाकीची ५२ ते ५८, हे ३३. दुसऱ्या दिवशी ३१. तिसऱ्या दिवशी ३३. चौथ्या दिवशी ३७. डोळ्यांना या चार दिवसांत काहीच फरक दिसला नव्हता. उलट बाकीची नव्वदीला पोचल्यामुळे हे आणखीच मरतुकडं वाटत होतं. घरात सगळ्यांनी आशा सोडली होती. ३१ वरून ३७ झालं हे फक्त काट्याला कळलं.

सलग दोन दिवस वजन घटलं तर पद्धत बदला. एक-दोन ग्रॅमनं का होईना वाढतंय, तर जे चाललंय तेच चालू ठेवा आणि हौसेनं जास्त पाजू नका.

गार पिलाला दूध नाही

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नवजात पिलाला अंगावर केस नसतात, स्वतःची ऊब टिकवायची ताकद पहिला आठवडाभर नसते. ढिगात असलं की एकमेकांच्या उबेवर भागतं, ढिगाबाहेर पडलं की तासाभरात गार. गार पडलेल्या पिलाचं पोट चालत नाही. त्यात दूध ओतलं की ते तसंच राहतं, आंबतं, पोट फुगतं. गिळायची शुद्ध नसली तर सरळ फुप्फुसात जातं. मी ज्या दोघांना मारलं म्हणालो, ती अशीच गेली. रात्रीची वेळ, पिल्लू गार, घाबरून ड्रॉपरनं गाईचं दूध. पहाटे नाकाशी वाळलेला पांढरा थेंब.

तर आधी ऊब. पिल्लू तळहातात धरा, दोन्ही हातांची ओंजळ करा, किंवा बनियनच्या आत पोटाशी धरून अर्धा तास बसून राहा. याहून चांगलं यंत्र नाही. दुसरं काम करायचं असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी, तिला जुना पायमोजा घालून बाजूला ठेवा. पिल्लू बाटलीपासून सरकू शकेल एवढी जागा हवी, नाहीतर भाजतं. करंगळीचं टोक हळूच त्याच्या तोंडात घाला; तोंड आतून गार लागलं तर अजून वेळ आहे. गरम लागलं आणि बोट चोखायला लागलं, की मग दुधाचं बघा. कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहत असेल तर दुधाआधी कोमट ओआरएसचे चार-पाच थेंब, पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून केलेलं.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत धुळ्या-जळगावचा पारा दहाच्या खाली जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर बघायलाच नको. पेटीच्या वर, एका कोपऱ्याला, चाळीसचा पिवळा बल्ब टांगा. सगळ्या पेटीवर नाही, एका बाजूलाच. घरट्यात नागड्या पिलांना ३० ते ३५ अंश लागतात. वीज जाणार हे गृहीत धरून बाटलीची तयारी ठेवा.

आता कापसाचं. खान्देशात घरात कापूस नाही असं होत नाही. आमच्या मागच्या खोलीत वेचणीचा ढीग होता, म्हणून मला वाटलं, पिलांना याहून मऊ गादी कुठली? पेटीत दोन ओंजळी कापूस पसरला. पाचव्या दिवशी बारक्याला उचललं तर मागचा डावा पंजा जांभळा, बाजूच्या पायाच्या दुप्पट. आधी वाटलं काही चावलं. उजेडात धरलं तेव्हा दिसलं: घोट्याच्या वर केसाइतक्या बारीक धाग्याचा फेरा, पिल्लू वळवळत गेलं तसतसा पीळ बसत गेलेला, कातडीत रुतलेला. बायकोनं नखं कापायच्या छोट्या कात्रीचं टोक त्या फेऱ्याखाली घातलं, मी श्वास रोखून पाय धरला. धागा तुटल्यावर मिनिटाभरात पंजा गुलाबी झाला. आणखी एक दिवस गेला असता तर तो पाय गळून पडला असता. त्या दिवसापासून पेटीत कापूस बंद. मादी व्यायच्या आधी पोटाची लोकर उपटते ना, तीच खरी गादी. एखादी मादी भरपूर लोकर काढते. तिची जास्तीची स्वच्छ, कोरडी लोकर पिशवीत भरून ठेवायची. दुसरीनं कमी काढली की ती वापरायची. खाली वाळलेलं मऊ गवत किंवा गव्हाचं काड.

मे महिन्यात हे सगळं उलटं होतं. भुसावळ-जळगावकडे ४४-४५ अंश ही नवलाई राहिलेली नाही. तेव्हा पिलं एकमेकांपासून लांब पसरलेली, लालबुंद, ओलसर दिसली तर लोकर कमी करा, पेटीच्या बाजूंना भोकं पाडा. त्याहून मोठी काळजी मादीची. तिशीच्या वर पारा गेला की सशाला त्रास सुरू होतो, ती चारा सोडते आणि पान्हा कमी होतो. म्हणजे वेतातल्या सर्वांत दुबळ्याचा घास आधी जातो. पाजणारी मादी दिवसाला लिटरभर पाणी सहज संपवते, उन्हाळ्यात जास्त. दुपारी कोरडी वाटी सापडली तर दोष तिचा नाही. बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा, वाऱ्याच्या बाजूला ओलं बारदान लावा. चारही बाजूंनी ओली पोती लावून वारा कोंडलात तर मात्र आत भट्टी होते. मी तर आता एप्रिल-मेमध्ये वेत येईल अशा बेतानं मादी नराला दाखवतच नाही. नरही उन्हात नापीक होतात, तेवढीच त्यांनाही सुट्टी.

दूध आईचंच, पण रांगेत पहिला नंबर

ऊब आली, पिल्लू चोखतंय. आता पहिला उपाय बाटलीचा नाही. पेटी रात्री मादीपासून वेगळी, उबदार खोलीत ठेवा. पहाटे मादीला खाली जमिनीवर बसून मांडीवर घ्या, एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांना आधार देऊन. सशाच्या मागच्या पायांत जोर असतो आणि पाठीचा कणा नाजूक. तिला हवेत लटकवून धरलंत आणि तिनं लाथ झाडली तर कणा मोडतो. म्हणून जमिनीवरच. आता बारक्याला एकट्यालाच, किंवा त्याच्या खालोखाल लहान असलेल्याला जोडीला घेऊन, सडाशी लावा. तीन-चार मिनिटं. पोट गोल दिसलं की त्याला बाजूला ठेवून बाकीच्यांना सोडा. संध्याकाळी पुन्हा एकदा.

पहिल्या दिवशी मादी वैतागते, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवसापासून स्वतःच मांडीवर थांबते. निदान आमची काळी थांबते. ती चिंचिला. पांढरीनं माझ्या मनगटावर जी सही केलीय ती अजून आहे.

दोन माद्या एकाच दिवशी दाखवल्या असतील तर याहून सोपं काम आहे. वेतं दोन दिवसांच्या अंतरात असली की पिलं अदलाबदल करता येतात. इथे सगळे बारक्याला उचलून दुसरीकडे देतात. तसं करू नका. मोठी दोन पिलं दुसरीकडे द्या. धष्टपुष्ट पिल्लू नव्या घरट्यातही आपला सड मिळवतं. बारकं राहिलं तिथेच राहू द्या, त्याच्यासमोरची गर्दी कमी होऊ द्या. द्यायच्या आधी त्या पिलांना नव्या घरट्याच्या लोकरीत चांगलं लोळवा.

हे दोन्ही जमत नसेल, मादी मेली असेल किंवा पान्हाच नसेल, तेव्हाच वरचं दूध. सशाच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं प्रत्येकी १२ टक्क्यांच्या आसपास असतात. गाईच्या दुधात स्निग्धांश चारच्या जवळपास, प्रथिनं साडेतीनच्या आत, आणि साखर मात्र सशाच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. आता यात "पचायला हलकं" म्हणून पाणी आणि वर चमचाभर साखर घातली की काय होतं ते समजून घ्या: पिल्लू पोटभर पिऊन उपाशी राहतं, वर हगवण. मांजराच्या पिलांसाठीची दूध पावडर मिळाली तर उत्तम. जळगावला मिळते, ऑनलाइनही येते. नाहीतर शेळीचं ताजं दूध उकळून कोमट केलेलं, कपभराला चमचाभर साय चांगली घोटून. साखर नाही, पाणी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही.

किती? दिवसभरात मिळून पिलाच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. म्हणजे ३५ ग्रॅमच्या पिलाला दिवसाला ७-८ मिली ही कमाल मर्यादा, आणि पहिल्या दिवशी तर एका वेळी एक मिली, चार वेळा. एक मिलीची सुई काढलेली सिरिंज घ्या, दट्ट्या आधी तेलाच्या बोटानं मऊ करून घ्या म्हणजे अडकून एकदम सुटत नाही. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका. थेंब ओठांच्या कडेला टेकवायचा, त्यानं चाटला की पुढचा. नाकातून दूध आलं तर थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा आणि तेवढ्यावर त्या वेळचं पाजणं संपवा. प्रत्येक वेळी नाकातूनच येत असेल तर बॅटरीच्या उजेडात टाळू बघा. टाळू फाटलेली असली तर तुमच्या हातात फार काही नाही.

पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडानं शेपटीखाली हळू पुसा, लघवी होईपर्यंत. आई चाटून हेच करते. हे विसरलात तर दूध कितीही चांगलं असो, पिल्लू फुगतं. डोळे उघडेपर्यंत हे करायचंच.

दहाव्या दिवसानंतर

चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर मखमल येते आणि दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. खुरटलेल्याचे एखाद-दोन दिवस उशिरा. तेराव्या दिवशीही मिटलेलेच असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापड भिजवून पापण्यांवर मिनिटभर धरा, चिकटलेलं विरघळलं की बोटानं हलकेच उघडा. आतून पू आला तर डॉक्टरांकडून डोळ्याचं औषध आणा. त्या ३३ ग्रॅमवाल्याचा उजवा डोळा असाच चिकटला होता. उघडला तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे नाही, बल्बकडे पाहिलं आणि शिंकलं.

दुसऱ्या आठवड्यापासून पेटी फार घासूनपुसून लख्ख ठेवू नका. ओलं काढा, पण आई ठणठणीत असेल तर तिच्या चार कोरड्या लेंड्या असू द्या. पिलं त्या कुरतडतात आणि पोटात चारा पचवणारे जंतू तिथूनच येतात. वरच्या दुधावर वाढवलेल्या पिलाला तर तिसऱ्या आठवड्यात आईच्या मऊ लेंड्या, द्राक्षाच्या इवल्या घडासारख्या चकचकीत असतात त्या, एखाद-दोन मुद्दाम द्यायच्या. किळस वाटली तर वाटू द्या, तिथे दुसरं काही चालत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पिलं तोंड हलवायला लागतात. वाळलेलं गवत कायम समोर असू द्या, त्यासोबत थोडी वाळवलेली लसूणघास (ल्यूसर्नचा चारा). मोठ्या सशाला लसूणघास रोज नको, पण वाढत्या पिलाला प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातून मिळतं. हिरवा चारा हळूहळू, एका वेळी चिमूटभर, आणि उन्हातून आणलेला गरम ढीग नाही.

खान्देशी घरात पुढचे काही पदार्थ पिंजऱ्यात हमखास जातात, म्हणून सांगतो. सरकीची ढेप देऊ नका. म्हशीला चालते, सशाला नाही. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य त्याला बाधतं आणि पिलाला आधी. शेंगदाण्याची बुरशी धरलेली पेंड त्याहून वाईट, बुरशीच्या विषाला ससा फारच हळवा. कोवळी ज्वारी नाही, वांग्या-टमाट्याचा पाला नाही, फवारलेल्या कपाशीचं एक पानही नाही. आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आपल्याला आवडते म्हणून आजी लोक प्रेमानं तुकडा देतात. तेवढ्या पिठानं मोठ्या आतड्यात जी गडबड होते तिनं दोन दिवसांत पिल्लू जातं. बारकं आहे, अंग धरू दे, म्हणून त्यालाच दोन तुकडे जास्त मिळतात.

भावंडं पाच-सहा आठवड्यांची झाली की वेगळी करा, बारक्याला मात्र आईजवळ ठेवा, सात-आठ आठवडे होईपर्यंत. तिसऱ्या आठवड्यानंतर दूध कमी होत जातं, पण जे येतं ते आता त्याला एकट्याला मिळतं. मादी पुन्हा गाभण असेल तर हे जमणार नाही, म्हणून अशा वेतानंतर मी तिला महिनाभर दाखवत नाही. माझ्या वहीतलं ते पिल्लू १४ व्या दिवशी ११८, २१ व्या दिवशी १९० (बाकीची तीनशेच्या वर), सहा आठवड्यांनी ४८०. दहा आठवड्यांनी ११५० झालं तेव्हा भावंडं सोळाशेला होती. ते त्यांच्याएवढं झालं नाही, पण खातंय, उड्या मारतंय आणि सर्वांत आगाऊ आहे.

चालू होतं, मग अचानक थांबलं

चार ते बारा आठवड्यांत वजन थबकलं, पोट नगाऱ्यासारखं, पाठीचा कणा हाताला लागतोय, मागची बाजू घाण, तर कॉक्सीचा (कॉक्सिडिओसिस, परजीवीमुळे होणारा पोटाचा रोग) संशय घ्या. पावसाळ्यात हे फार. लेंडीतून पडलेलं कॉक्सीचं बी ओलाव्यात दोन-तीन दिवसांत रोग लावण्याजोगं होतं, म्हणून रोज जमीन साफ केली तर साखळी तुटते. फिनेलनं ते मरत नाही. उकळतं पाणी आणि आपलं खान्देशी ऊन यांनी मरतं. औषध लेंडी तपासून, वजनावर मात्रा काढून डॉक्टरांनीच द्यावं. कोंबडीचं खाद्य किंवा त्यातली पुडी देऊ नका, त्यातलं काही सशाला विषारी असतं. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे तर कधीच नाही, ते सशाच्या पोटातले चांगले जंतू मारून सशालाच मारतं. पिसवांसाठी कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिलही सशाला चालत नाही.

दुसरं, दात. वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे यायला हवेत. खालचे पुढे आलेले, वाकडे वाढलेले असतील तर पिल्लू चाऱ्याजवळ जातं, तोंड लावतं आणि सोडून देतं. हे बऱ्याचदा वंशातून येतं, म्हणून त्या जोडीचं वेत पुन्हा घेऊ नका. निव्वळ जन्माला लहान असलेल्याचा मात्र वंशाशी संबंध असेलच असं नाही.

तिसरं, मुंग्या आणि उंदीर. हसू नका. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यापासून आमच्याकडे "कारण न कळता" जाणारी पिलं बंद झाली.

सरकारी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर जनावरांसाठी फिरता दवाखाना मागवता येतो. ससा म्हटल्यावर पलीकडे क्षणभर शांतता होते, तरी लावून धरा. धाप, हगवण किंवा मान एका बाजूला वळलेली असेल तर घरचे प्रयोग थांबवा.

आणलेलं पिल्लूच बारकं असेल तर

मुलांच्या हट्टापायी बाजारातून जोडी आणली आणि आठवड्यात एक गेलं, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय. मी स्वतः एका दुकानातून "दीड महिन्याचं" म्हणून आणलेलं पिल्लू काट्यावर २१० ग्रॅम भरलं आणि डोकं अंगाच्या मानानं मोठं. तीन आठवड्यांचं असावं. ते आईपासून तोडलेलं, खुरटलेलं नव्हे. त्याला खायला शिकवू नका. शेळीचं दूध-साय किंवा मांजराच्या पिलांची पावडर आणखी दोन-तीन आठवडे, सोबत वाळलेलं गवत. कुठल्या तरी सशाच्या ताज्या मऊ लेंड्या मिळाल्या तर सोनं. आणि गाजर नाही. सशाला गाजर हे चित्रातलं.

हरभऱ्याच्या शेतात कुणाला इवलंसं, पण अंगभर केस आणि टक्क उघडे डोळे असलेलं पिल्लू सापडलं तर ते रानसशाचं. तो दुसराच प्राणी, जन्मतःच तसा असतो, आणि आई त्यालाही मुद्दामच एकटं ठेवते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पाळायला बंदी आहे. जिथे होतं तिथेच ठेवून या, कुत्रं बांधा.

गेल्या रविवारी काळी आणि पांढरी दोघींना एकाच दिवशी दाखवलं. ३१ दिवस धरले तर वेत थंडीच्या ऐन कडाक्यात येतंय. २८ व्या दिवशी पेट्या ठेवायच्या, बल्ब आणलाय, लोकरीची पिशवी माळ्यावर आहे, काट्याचे सेल बदलले. कापसाच्या खोलीला कुलूप लावून किल्ली बायकोकडे दिलीय.